मामंजींचं वेगळं ताट

मामंजींचं ताट वेगळं होतं. पितळेचं, एका कडेला चेपलेलं. जेवण झालं की ते ताट, वाटी आणि तांब्या घेऊन मोरीत बसायचे, राखेनं स्वतः घासायचे आणि खिडकीखालच्या फळीवर पालथं घालायचे. त्या फळीला हात लावायची मला मुभा नव्हती. धोतर, पंचा, सदरा, अंथरुणावरची चादर, सगळं स्वतः धुवायचे आणि आपल्याच खोलीत दोरीवर वाळत घालायचे. सकाळी आंघोळ झाली की धाबळी गुंडाळायची आणि पूजा होईपर्यंत कुणी जवळ फिरकायचं नाही. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं जाडंभरडं वस्त्र. कलकत्त्याच्या घामट हवेत लोकर अंगाला लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडच्या एका गावात त्यांनी जन्मभर हेडमास्तरकी केली होती. सासूबाई गेल्यावर ह्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. ह्यांची नोकरी कस्टम्समधली, खिदिरपूरच्या गोदीत. साठचं दशक संपायला आलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक चिंचोळी पडवी आम्ही भाड्यानं घेतली होती. पडवीला पत्र्याचं दार लावून तिची मामंजींसाठी खोली केली. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, साठीच्या विधवा, तरी मासे न सोडलेल्या. त्यांना आम्ही माशीमा म्हणायचो, म्हणजे मावशी. त्या मला बौमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई.

मला सोवळ्याचा पहिल्यापासून कंटाळा. माझ्या पुण्याच्या माहेरी ते आजोबांबरोबरच संपलं होतं. त्यामुळे मामंजींची ती फळी, ती दोरी आणि ती धाबळी बघून माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. ह्यांनाही नवल वाटायचं. "आई असताना बाबा एवढे कडक नव्हते गं," हे म्हणायचे. "शाळेतून आले की त्याच धोतरावर चहा प्यायचे." त्यावर मी म्हणायची की म्हातारपणी देव जास्त आठवतो, त्यात काय. आम्ही दोघं शिकलेली माणसं, पण याच्या पलीकडे आमचं डोकं चाललं नाही. आमच्या घरांत एखादा वडीलधारा माणूस लांब बसला, वेगळा जेवला, कुणाला शिवेनासा झाला, तर त्याला काय होतंय असं कुणी विचारत नाही. सोवळं म्हटलं की सगळ्या प्रश्नांना कडी लागते.

त्यात ती पांढरी भुकटी. मामंजींच्या खोलीत केर काढायला ते मला क्वचितच देत. पण ते देवळात गेले की मी झाडू घेऊन शिरायची, आणि कॉटखाली रोज पांढऱ्या पापुद्र्यांचा सडा. मला वाटलं, भिंतीचे पोपडे. कलकत्त्यात भिंतींना ओल फार, चुना टिकत नाही. मी माशीमांशी भांडले की भिंत गळतेय, म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणात चुना पडतोय. त्यांनी कुरकुरत मिस्त्री बोलावला आणि पडवी नव्यानं रंगवून घेतली. पुढच्या आठवड्यात कॉटखाली पुन्हा सडा. मी पुन्हा वर गेले. "बौमा, तुझा नवरा सरकारी नोकर ना? मग त्याला सरकारी घर माग," असं म्हणून माशीमांनी दार लावून घेतलं.

दुर्गापूजा संपता संपता माझी मुलगी जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण डॉक्टरांनी एवढा लांबचा गाडीचा प्रवास नको म्हटलं, म्हणून माझी आईच कलकत्त्याला आली. बाराव्या दिवशी बारसं केलं. बंगाली शेजारणी, गोदीतल्या दोन मराठी साहेबांच्या बायका, घर भरून गेलं होतं. पाळण्यात घालण्याआधी मुलीला आजोबांच्या मांडीवर द्यायचं म्हणून आई तिला घेऊन मामंजींकडे गेली. मामंजी पाटावरून उठून उभे राहिले. "मी सोवळ्यात आहे," म्हणाले, आणि लांबूनच अक्षता टाकल्या.

आईचा चेहरा उतरला. मला तर नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. संध्याकाळची वेळ, कसली पूजा नि कसलं सोवळं. त्या रात्री आई हळूच म्हणाली, "मुलगा असता तर सोवळं आड आलं नसतं." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आई महिनाभरानं पुण्याला गेली, वाक्य मात्र मागे राहिलं. मुलगी रडायला लागली की मामंजी पडवीच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आत यायचे नाहीत. मी मुद्दाम तिकडे पाठ करायची. त्याच सुमारास त्यांनी ह्यांच्यामागे गावी जाण्याचा लकडा लावला. गावच्या बंद घरात एकट्यानं राहायचं म्हणत होते. हे म्हणाले, "बाबांना कलकत्ता मानवत नाही." मी मनात म्हटलं, कलकत्ता मानवतोय, नात मानवत नाहीये. भांडी मात्र जरा जास्त आपटली.

मला आजही वाटतं, त्यांनी सांगायला हवं होतं.

जानेवारीत थंडी पडली. कलकत्त्याची थंडी ती काय, पण मामंजींचे हात त्या थंडीत आखडले. बोटांचे सांधे सुजायचे, पेन धरवायचं नाही. एका सकाळी ते आंघोळीला गेले ते बाहेरच येईनात. हे केव्हाच कामावर गेले होते. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कडी निघत नाहीये." न्हाणीघराची कडी जुनी, गंजलेली, आणि त्यांच्या बोटांत जोर नाही. बराच वेळ खडखडाट चालला. मग तो थांबला आणि मला भीती वाटली. मी माशीमांना हाक मारली. त्या वरून मासे परतायचं लोखंडी उलथनं घेऊन खाली आल्या आणि ते फटीत घालून त्यांनी कडी उचकटली. आमच्या घरातलं सगळ्यात सोवळं दार असं माशाच्या उलथन्यानं उघडलं. एरवी मला हसू आवरलं नसतं.

दार उघडलं तेव्हा मामंजी आमच्याकडे पाठ करून, ओला पंचा नेसून भिंतीला टेकले होते. पाठ, कोपर, कंबर, सगळीकडे लालभडक चट्टे, आणि त्यांच्यावर पांढऱ्या खपल्यांचे थर. काही ठिकाणी घासून घासून रक्त आलं होतं. बादलीत कढत पाणी, शेजारी लाल कार्बोलिक साबण आणि अंग घासायचा काथ्या. फरशीवर तेच पांढरे पापुद्रे, ज्यांच्यासाठी मी मिस्त्री बोलवायला लावला होता.

मी त्यांना धरायला पुढे झाले. ते भिंतीत आणखी सरकले.

"लांब हो, सूनबाई. हात लावू नकोस. अंगावर पाजतेस तू पोरीला."

"काय झालंय मामंजी?"

"महारोग," ते म्हणाले. शाळेत निकाल वाचून दाखवावा तसा शब्द उच्चारला त्यांनी, सरळ आणि स्पष्ट.

खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मी मुलीचा विचार केला. मग ती फळी, ती दोरी, ते ताट, बारशातलं ते उठून उभं राहणं, सगळं एका क्षणात उलगडलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला. एवढे दिवस हा माणूस आमच्या घरात एकटाच कडेकोट बंदोबस्तात राहत होता, आणि आम्ही त्याला कर्मठ म्हणून बाजूला सारत होतो. माशीमा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उलथनं धरून उभ्या होत्या. त्यांना महारोग हा शब्द कळला नसावा, पण पाठ दिसली होती. "आज डॉक्टर. आजच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मुलीला मी ठेवते." उलथनं त्यांनी नंतर उकळत्या पाण्यात घातलं ते मला दिसलं, पण मुलीला ठेवलं त्यांनी.

मुलीला पाजून मी तिला वर दिलं आणि मामंजींना घेऊन सरकारी इस्पितळात निघाले. ते चार पावलं मागून चालत होते. ट्राममध्ये जागा होती, एका पोरानं उठून "बोशून दादू" म्हणून आपली जागाही देऊ केली, पण मामंजी दाराशी दांड्याला न धरता उभे राहिले. बोटं दांड्याला लागू नयेत म्हणून. वाटेत ते एवढंच बोलले की त्यांच्या लहानपणी गावच्या भिक्षुकाला हा रोग झाला तेव्हा त्याला गोठ्यात ठेवलं होतं, आणि त्याची सून भाकरी दारातून आत सरकवायची. "मला तुझ्यावर ती पाळी आणायची नव्हती," असं म्हणून ते दाराबाहेर बघायला लागले. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या कोपरावर पहिला चट्टा उठला होता. तेव्हापासून त्यांनी कुणालाही अंग दाखवलं नव्हतं. लोकरीची धाबळी गुंडाळली की पाठ झाकली जायची आणि माणसंही लांब राहायची, असं दुहेरी काम होतं तिचं.

कातडीच्या रोगांच्या विभागात बाकांवर ही गर्दी. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार कलायला लागली होती. डॉक्टर एक वयस्क बंगाली बाई होत्या, पांढरे केस, सुती साडी, आणि आवाज असा की बाहेरचा बाक गप्प व्हावा. भोवती पाचसहा विद्यार्थी. त्यांनी मामंजींचा सदरा काढायला लावला. मी हिंदीतून सांगितलं की यांना महारोग झालाय असं यांचं म्हणणं आहे.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग मी कशाला आहे इथे?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मामंजींना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात पाठीवरून, हातावरून, पायावरून फिरवली. मग टाचणी. मामंजी डोळे मिटून प्रत्येक वेळी "हां" म्हणत होते. एका चट्ट्यावरची खपली बाईंनी काचेच्या पट्टीनं हलकेच खरवडली, तेव्हा मेणबत्तीचं मेण खरवडल्यासारखी पांढरी भुकटी निघाली आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसले. मग त्यांनी मामंजींची नखं उजेडात धरली. त्यांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे खड्डे होते. हे सगळं त्या उघड्या हातांनी करत होत्या.

"सोरायसिस," त्या म्हणाल्या. "छोंयाचे नॉय. लागणारा रोग नाही हा. महारोग तर नाहीच."

मला वाटलं, मामंजी मटकन बसतील. ते बसले नाहीत. मराठीत मला म्हणाले, "बाई दयाळू आहेत. बरं वाटावं म्हणून सांगताहेत." बाईंनी मला विचारलं, काय म्हणाले. मी घाबरत सांगितलं. बाईंनी चष्मा काढून मामंजींकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय करायचे? मी म्हटलं, हेडमास्तर होते.

"असं," म्हणून त्या विद्यार्थ्यांकडे वळल्या. मामंजींना स्टुलावर मधोमध बसवलं आणि एकेकाला पुढे बोलावून इंग्रजीत परीक्षा सुरू केली. काय दिसतंय, कशावरून म्हणतोस, आणखी काय असू शकेल, ते नाही हे कशावरून. मामंजींचं इंग्रजी चांगलं होतं. पहिल्यानं सोरायसिस सांगितलं, दुसरीनंही तेच. तिसरा मुलगा अडखळला आणि महारोगाचं नाव घेतलं. मामंजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, बघ, खरं बोलणारा निघालाच एक.

बाईंनी त्या मुलाच्या हातात कापूस दिला. त्याला सगळं पहिल्यापासून तपासायला लावलं. संवेदना गेलीय का? नाही. नसा जाड लागतायत का? नाही. चट्टा कोरडा नि बधिर आहे का? नाही. मग नाव कशावरून घेतलंस? मुलाचे कान लाल झाले. "घाई केली, मॅडम," तो म्हणाला. आणि मामंजी, जे सकाळपासून कुणाकडे मान वर करून बघत नव्हते, ते त्या मुलाला इंग्रजीत म्हणाले, "पुन्हा तपासलंस ते चांगलं केलंस." वर्गात पुन्हा शिरले ते. बाईंनी सांगितलेलं त्यांनी मानलं नव्हतं, पण तोंडी परीक्षेत चुकलेलं उत्तर डोळ्यांदेखत दुरुस्त झालेलं त्यांना मानावंच लागलं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच पदरानं डोळे पुसायला लागले, तर बाई म्हणाल्या, "रडायचं नंतर, आधी ऐक." हा रोग मुळासकट जाणार नाही. पाहुण्यासारखा येईल आणि जाईल, त्याला फार दिवस राहू द्यायचं नाही एवढं आपल्या हातात. कढत पाणी बंद. कार्बोलिक साबण बंद. काथ्या तर आजच फेकायचा, कारण जिथे कातडी घासली जाईल तिथे तो जोरानं उठतो. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग टिपायचं, ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. सकाळचं ऊन थोडा वेळ पाठीवर घ्यायचं, कातडी भाजेपर्यंत नाही. झोपताना चट्ट्यांवर डांबराचं मलम. सांध्यांसाठी ॲस्पिरिन, पोटभर जेवल्यावरच. आणि एक गोष्ट त्यांनी बोट उगारून सांगितली. कोणी बाजारातल्या बारीक पांढऱ्या गोळ्या देईल, त्या घ्यायच्या नाहीत. चार दिवसांत अंग लख्ख होईल, गोळी थांबली की दुपटीनं उठेल, या वयात जिवावर बेतेल.

मलम इस्पितळातच मिळायचं, पण भांडं आपलं लागायचं. आमच्याकडे काही नव्हतं. मी दारातल्या चहावाल्याकडून मातीचा कोरा पेला घेतला, त्यात ते काळं चिकट मलम भरून मिळालं, वर साल वृक्षाच्या पानाचा तुकडा झाकला. परतीच्या ट्राममध्ये मामंजी बसले. एका लठ्ठ मारवाडी गृहस्थाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, मांडीवर तो पेला धरून. मी समोरच्या बाकावरून बघत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की उतरायचा थांबा चुकला.

माशीमांनी "छोंयाचे नॉय तो?" हे दोनदा विचारून घेतलं. मग खात्री पटल्यावर गच्ची उघडून दिली. मामंजींना उघड्या पाठीनं उन्हात बसायची लाज वाटायची, म्हणून माशीमा रोज सकाळी आपल्या पांढऱ्या साड्या दोरीवर अशा वाळत घालायच्या की मधे एक खोली तयार व्हायची. त्या खोलीत मामंजी वर्तमानपत्र वाचत बसायचे. भिंतीच्या पोपड्यांवरून मात्र त्यांनी मला कधी सोडलं नाही. कुणी पाहुणं आलं की, "ही आमची बौमा, हिच्या हट्टापायी मी भर दुर्गापूजेच्या दिवसांत मिस्त्री लावला."

धाबळी हा शेवटचा तिढा होता. बाकी सगळं मामंजींनी शिस्तीत मान्य केलं, पण धाबळीशिवाय पूजा कशी करायची. रोज सकाळी तेल लावून गुळगुळीत केलेल्या कमरेवर ती लोकर बसायची आणि दुपारपर्यंत चट्टे लाल. मी बोलले, हे बोलले. हे मामंजींच्या विरुद्ध बोलले ही त्यांच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट. शेवटी माशीमांनी ट्रंकेतून आपल्या नवऱ्याचं गरदचं धोतर काढलं, पूजेला नेसायचं, जुनं, मऊसूत रेशीम. मामंजींनी ते हातात धरून बराच वेळ चाचपलं. "रेशीम सोवळ्याला चालतं," ते कबूल झाले, जणू हे शास्त्र त्यांनीच आत्ता शोधलं. तेव्हापासून पूजा रेशमात आणि मलम रात्री जुन्या चादरीवर, कारण डांबराचा डाग जन्मात जात नाही. घरभर वास यायचा. हेही गोदीतून डांबराचाच वास घेऊन यायचे. मी म्हणायची, एक डांबरवाला पुरे होता.

पहिला महिना काही फरक दिसेना. ह्यांचा धीर सुटला आणि गोदीतल्या कुणा मित्रानं दिलेल्या गोळ्या एक दिवस खिशात घालून ते घरी आले. बारीक, पांढऱ्या. मित्राच्या काकांचं अंग म्हणे आठवड्यात आरशासारखं झालं होतं. मी म्हटलं, त्या काकांचं पुढे काय झालं ते विचारा. आमचं चांगलंच वाजलं. आतून मामंजींचा आवाज आला, "डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या आहेत. विषय संपला." हेडमास्तरांचा तो आवाज ह्यांनी लहानपणी ऐकला असेल. गोळ्या आल्या त्या वाटेनं परत गेल्या.

दुसऱ्या महिन्यात खपल्या पातळ झाल्या. कधी इस्पितळात मलम संपलेलं असायचं, तेव्हा नुसतं खोबरेल आणि ऊन. होळीच्या सुमाराला पाठीचा रंग उजळला, कोपरं तेवढी हटून बसली होती. कॉटखालचा सडा जवळजवळ नाहीसा झाला. गावी जायचं नाव मामंजींनी पुन्हा काढलं नाही. पण ताट वेगळंच राहिलं. फळी तशीच. आणि मुलीला त्यांनी अजून उचललं नव्हतं. बाई म्हणाल्या ते त्यांना पटलं होतं, त्यात शंका नाही. तरी हात पुढे जाईना. मुलगी रांगायला लागली, त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन त्यांच्याकडे बघून हसायची, आणि ते चार बोटं हलवून तिच्याशी बोलायचे. आता मला राग येत नव्हता. तिकडे पाठ करणं मी सोडून दिलं होतं.

सातव्या महिन्यात मुलीचं उष्टावण करायचं ठरलं. भाताचा पहिला घास मामानं भरवायचा, पण माझ्या भावाला रजा मिळाली नाही. माशीमांनी तोड काढली. त्यांच्याकडे मुखेभातला, म्हणजे उष्टावणाला, मामा नसला तर आजोबा भरवतात, म्हणाल्या, मग इथे आजोबा आहेत की. मला वाटलं, पुन्हा सोवळं आड येणार.

त्या दिवशी मी पाट मांडले. मामंजी रेशीम नेसून आपल्या पाटावर बसले, समोर त्यांचं चेपकं ताट. भात, वरण, तूप, लिंबाची फोड. मी मुलीला घेऊन शेजारच्या पाटावर बसले. खिरीची चांदीची वाटी आणि चमचा मी मुद्दामच त्यांच्या हाताशी ठेवला, म्हणजे बोटं लावायची वेळ येणार नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चमचा उचलला, थांबले. हे उभे होते, माशीमा दारात शंख घेऊन उभ्या होत्या.

मुलीला तेवढा दम नव्हता. ती माझ्या मांडीवरून पुढे झेपावली आणि तिनं दोन्ही हात सरळ मामंजींच्या ताटात घातले. वरणभात मुठीत घेऊन तिनं तोंडात कोंबला, अर्धा गालाला लावला.

मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, हिनं माझ्या ताटातलं खाल्लं."

"आजोबांच्या ताटातलं नाही खाणार तर कुणाच्या?" मी म्हटलं. "भरवा आता. ती थांबायची नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. सुजलेल्या, खड्डेवाल्या नखांच्या बोटांनी भात मऊ कालवला, तुपाचा बारीक घास केला आणि तिच्या तोंडात दिला. तिनं बोटांसकट तोंडात घेतला आणि बोट सोडेचना. मग ते तिला माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेऊन बसले. गरदच्या रेशमावर वरणाचे पिवळे डाग पडले. माशीमांनी शंख फुंकला, तो मधेच फुसकला, कारण त्या रडत होत्या. हे खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले.

जेवणं झाली. मी मोरीत भांडी घेऊन बसले. मामंजी मुलीला कडेवर घेऊन आले, आणि आपलं ताट त्यांनी माझ्या समोरच्या खरकट्या भांड्यांच्या ढिगावर ठेवलं. आमच्या ताटांवर, उष्ट्यावर उष्टं. मग वळले आणि नातीला उन्हात न्यायला निघून गेले.

आमच्या सगळ्यांच्या ताटांबरोबरच मी ते घासलं, आणि खिडकीखालच्या फळीवर न ठेवता आमच्या मांडणीत पालथं घातलं. त्या फळीवर पुढे मी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.